पावलांचा तोल

सौंदड हे गोंदिया जिल्ह्यातील राष्ट्रीय महामार्गावरचे आणि गोंदिया-बल्लारशाह रेल्वेमार्गावरचे गाव. अशा गावातील व्यापारी घराची रचना बहुधा ठरलेली असते. पुढे दुकान, मागे गोदाम, वर राहते घर आणि या सर्वांना जोडणारा अरुंद जिना. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ दिवसातून कितीतरी वेळा तो जिना चढतात-उतरतात. धानाच्या हंगामात एका हातात वही असते, कानाशी मोबाइल असतो आणि त्यातच मागून कोणी विचारते, ‘बाबूजी, साकोलीच्या पार्टीचा हिशेब झाला का?’ उत्तर देता देता पुढचे पाऊल पडते. ते पायरीवर नीट पडले की नाही, एवढ्या एका गोष्टीवर साऱ्या घराचे पुढील सहा महिने अवलंबून असतात.

खुब्याचे हाड मोडले तर गोंदिया किंवा नागपूर गाठावे लागते. शस्त्रक्रिया होते, हाड जुळते. पण गेलेला आत्मविश्वास पुष्कळदा परत येत नाही. पुन्हा पडण्याच्या भीतीने माणूस चालणे कमी करतो, चालणे कमी झाल्याने स्नायू क्षीण होतात आणि क्षीण स्नायूंमुळे पुन्हा पडण्याचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात. अनवधानाने होणाऱ्या दुखापतींतील मृत्यूंमध्ये रस्ते अपघातांच्या खालोखाल हेच कारण आहे आणि असे मृत्यू साठीपुढील लोकांत सर्वाधिक आहेत.

वृद्ध माणूस पडला की दोष पायांना, गुडघ्यांना किंवा फरशीला दिला जातो. तो काही अंशी खराही असतो. परंतु १९९७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वीडनमधील संशोधकांनी एक साधे निरीक्षण प्रसिद्ध केले. वृद्धांच्या निवासस्थानातील ५८ जणांसोबत चालताना त्यांनी सहज गप्पा सुरू केल्या. त्यांपैकी १२ जण बोलण्यासाठी चालता चालता थांबले. पुढील सहा महिन्यांत या १२ पैकी १० जण पडले. कोणतेही यंत्र नाही, रक्ततपासणी नाही. बोलताना पाऊल थांबते का, एवढेच पाहिले गेले.

याचे कारण लक्षाच्या हिशेबात आहे. तोल सांभाळण्यासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून माहिती मिळते: डोळ्यांकडून, अंतर्कर्णाकडून आणि तळपाय व सांध्यांतील संवेदनांकडून. तरुणपणी ही माहिती जुळवण्याचे काम जवळजवळ आपोआप होते. वय वाढते तशी तिन्हीकडची माहिती उशिरा आणि अपुरी येऊ लागते. मग चालण्यासाठीही जाणीवपूर्वक लक्ष खर्चावे लागते. लक्ष हे मर्यादित भांडवल आहे. त्यातून बोलणे, आठवणे किंवा हिशेब करणे यांसाठी उचल झाली की पावलांच्या खात्यात शिल्लक उरत नाही. बोलण्यासाठी थांबणारा वृद्ध एका अर्थाने शहाणपणाच करतो. धोका असतो तो न थांबता दोन्ही करू पाहणाऱ्याला.

यावर जो उपाय पुढे आला, त्याला दुहेरी कार्याचा व्यायाम म्हणतात. तोल साधण्याचा व्यायाम करतानाच मनाला दुसरे काम द्यायचे, अशी ही पद्धत. अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठात झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तोल कमी झालेल्या २३ ज्येष्ठांचे तीन गट करण्यात आले. एका गटाने केवळ तोलाचे व्यायाम केले. उरलेल्या दोन गटांनी तेच व्यायाम मानसिक कामासह केले. मात्र त्यांपैकी एका गटाला दोन्ही कामांकडे सारखेच लक्ष देण्यास सांगितले होते, तर दुसऱ्याला आधी पावलांकडे आणि नंतर मानसिक कामाकडे, असे लक्ष आलटून पालटून वळवण्यास. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी ४५ मिनिटे, असे चार आठवडे चालले. तोल तिन्ही गटांचा सुधारला. परंतु मनाने दुसरे काम करत असतानाचे चालणे दुहेरी सराव करणाऱ्यांचेच सुधारले, आणि लक्ष वळवायला शिकलेल्या गटात तो लाभ तीन महिन्यांनंतरही टिकून होता. अभ्यास लहान असला तरी त्यातून मिळणारा बोध मोलाचा आहे. कोणत्या क्षणी लक्ष कोठे द्यावे, हे कौशल्य उतारवयातही शिकता येते.

जिनिव्हा येथील २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाची पद्धत अधिक रंजक होती. पासष्टीपुढील १३४ जणांपैकी एका गटाला आठवड्यातून एक तास, सहा महिने, पियानोच्या बदलत्या लयीनुसार पावले टाकण्यास आणि त्याच वेळी हातांच्या निरनिराळ्या क्रिया करण्यास शिकवले गेले. हा वर्ग न केलेल्यांच्या तुलनेत त्यांचे पडण्याचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. ज्या घरांत नवरात्रात टिपऱ्या खेळल्या जातात, त्या घरांतील आजींना ही कल्पना परकी वाटू नये. ताल ऐकणे, पाऊल बदलणे आणि समोरच्याची टिपरी चुकू न देणे, ही तिन्ही कामे त्यात एकत्र येतात.

येथे जैन वाचकाच्या मनात एक रास्त शंका येईल. साधु-साध्वींसाठी सांगितलेल्या ईर्यासमितीत पुढची भूमी न्याहाळत चालावे आणि चालताना बोलणे तर नाहीच, स्वाध्यायही करू नये असा दंडक आहे. त्याचा हेतू जीवदयेचा. मग चालताना मनाला दुसरे काम देणारा व्यायाम त्याच्या विरुद्ध नाही का? वास्तविक दोहोंत विरोध नाही. दुहेरी सराव हा ठरलेल्या वेळी, सुरक्षित जागी करायचा आहे. रस्त्यावर आणि जिन्यावर मात्र एकाग्रतेचाच नियम पाळायचा. मोबाइल अचानक वाजला तरी लक्ष आधी पावलाकडे यावे, यासाठीच हा सराव.

घरी आरंभ करायचा तर साधने फार लागत नाहीत. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला जड खुर्ची आणि हाताच्या अंतरावर घरातील एक माणूस पुरे. प्रथम दोन्ही पावले जुळवून उभे राहावे आणि शंभरातून तीन-तीन वजा करत मोठ्याने म्हणावे. ते जमले की एका पावलापुढे दुसरे पाऊल ठेवून तेच करावे. नंतर भिंतीच्या कडेने दहा पावले चालत गोंदियाहून नागभीडकडे जाणाऱ्या गाडीची स्थानके उलट क्रमाने आठवावीत किंवा लहानपणी पाठ केलेली पावकी-निमकी म्हणावी. अर्धा भरलेला पाण्याचा पेला हातात घेऊन चालणे हाही उत्तम सराव आहे. पेला मात्र काचेचा नसावा. प्रत्येक प्रकारात एक फेरी पावलांकडे लक्ष देऊन आणि एक फेरी गणिताकडे लक्ष देऊन करावी. उत्तर चुकले तरी बिघडत नाही. पाऊल चुकले तर थांबावे. सुरुवातीस दहा मिनिटे पुरेत. उपवासाच्या दिवशी हा व्यायाम टाळावा.

वर्षभरात एकदाही पडणे झाले असेल, उठताना चक्कर येत असेल, पक्षाघात किंवा कंपवाताचा त्रास असेल, तर डॉक्टर व भौतिकोपचार तज्ज्ञांचा सल्ला घेतल्याविना आरंभ करू नये. मोतीबिंदू, झोपेच्या गोळ्या आणि रक्तदाबाची औषधे यांचाही तोलावर परिणाम होतो. शाकाहारी कुटुंबांनी आणखी एका बाबीची नोंद घ्यावी. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतिजन्य आहारातून जवळजवळ मिळत नाही; ते दूध-दह्यातून काही प्रमाणात मिळते. त्याची कमतरता दीर्घकाळ राहिली तर पावलांची संवेदना मंदावते आणि अंधारात तोल जाऊ लागतो. साध्या रक्ततपासणीने ती कळते आणि औषधाने भरून काढता येते.

व्यायाम ज्येष्ठांनी करायचा असला तरी अर्धी जबाबदारी घरातील इतरांची आहे. चालताना प्रश्न विचारल्यावर बाबूजी थांबू लागले असतील, तर ती त्यांची सवय म्हणून सोडून न देता डॉक्टरांना सांगावे. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आणि वरच्या पायरीजवळ दिव्याचे बटण बसवून घ्यावे. जिना उतरत असलेल्या वडीलधाऱ्यांना मागून हाक मारू नये. ते खाली येऊन गादीवर बसेपर्यंत साकोलीची पार्टी थांबू शकते.