फॉरमॅट मारण्याआधी

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नोंदणी केलेल्या घरगुती संगणकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळत राहतात; पण ती मुदतवाढ आहे, उपाय नाही. त्यामुळे उल्हासनगरचे पाचही कॅम्प, अंबरनाथची औद्योगिक वसाहत आणि बदलापूरचा पूर्व-पश्चिम भाग इथल्या दुरुस्तीच्या टेबलांवर जुने लॅपटॉप ‘विंडोज ११ टाकून द्या’ या एका वाक्यासह येतात. विंडोज चढते, लॅपटॉप परत जातो आणि दोन दिवसांनी तोच लॅपटॉप पुन्हा येतो: प्रिंट निघत नाही, बिलाचे सॉफ्टवेअर उघडत नाही, मराठी अक्षरांच्या जागी भलतेच काही दिसते. यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे फॉरमॅट मारणे. त्याने दोष सापडत नाही, दोषाचा पुरावा मात्र पुसला जातो. आणि त्याबरोबर ग्राहकाचे परवाने, फॉन्ट आणि वर्षानुवर्षांची मांडणीही जाते.

तपासाची सुरुवात विंडोज टाकण्याच्या आधी होते. लॅपटॉप कोणाचा, यापेक्षा त्यावर कोणते काम चालते हे महत्त्वाचे. कापडाच्या घाऊक दुकानातल्या लॅपटॉपला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि जुना हिशेबाचा प्रोग्रॅम लागतो, कारखान्यातल्या लॅपटॉपला वजनकाट्याची किंवा मशीनची सीरियल केबल, डीटीपीवाल्याला फॉन्ट आणि डोंगल, सेवा केंद्राला अंगठ्याचे यंत्र. ही यादी ग्राहकासमोर बसून करावी. बसवलेल्या सॉफ्टवेअरची आणि ड्रायव्हरची नोंद, फॉन्टच्या फोल्डरची प्रत आणि पूर्ण बॅकअप घेतल्याशिवाय विंडोज टाकण्याचा पेन ड्राइव्ह लावू नये. बॅटरी गेलेला लॅपटॉप पावसाळ्यात इन्व्हर्टरशिवाय अपग्रेडला लावणे म्हणजे ग्राहकाचा डेटा पणाला लावणे.

लॅपटॉप पात्र आहे का, हे त्यानंतर. विंडोज ११ ला टीपीएम २.०, सिक्युअर बूटची सोय, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. तपासणी टाळून विंडोज बसवण्याच्या युक्त्या सर्वांना ठाऊक आहेत. पण अशा लॅपटॉपला मायक्रोसॉफ्टचा आधार नसतो, हे ग्राहकाला आधी सांगणे कारागिराचे कर्तव्य आहे. २४एच२ या आवृत्तीपासून तर प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट ही सूचना नसेल तर विंडोज सुरूच होत नाही. त्यामुळे कोअर टू ड्युओवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. आणखी एक मर्यादा अनेकदा नजरेतून सुटते. विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे, त्यामुळे ३२-बिट विंडोज १० वरून थेट अपग्रेड होत नाही. तिथे नव्यानेच विंडोज टाकावी लागते आणि सगळे प्रोग्रॅम पुन्हा बसवावे लागतात.

अपग्रेडनंतर लॅपटॉप मंद झाला, तर संशय आधी हार्ड डिस्कवर घ्यावा. ५४०० फेऱ्यांची जुनी डिस्क शंभर टक्के व्यस्त दिसते आणि दोष सॉफ्टवेअरच्या माथी मारला जातो. डिस्कची स्मार्ट तपासणी आणि रॅमची चाचणी ही दोन कामे झाल्यावरच सॉफ्टवेअरकडे वळावे.

सॉफ्टवेअरच्या तक्रारीत पहिला प्रश्न असा: बिघाड सेफ मोडमध्येही होतो का? तिथे होत नसेल तर दोष बाहेरच्या ड्रायव्हरमध्ये किंवा विंडोजबरोबर सुरू होणाऱ्या एखाद्या सेवेत आहे. रिलायबिलिटी मॉनिटर हे विंडोजमधले सर्वांत दुर्लक्षित साधन. कोणत्या तारखेला काय बसले आणि काय कोसळले, हे ते दिवसवार दाखवते. ग्राहक ‘काहीच केले नाही’ म्हणतो तेव्हा ते पाहावे. मग एमएसकॉन्फिगमध्ये मायक्रोसॉफ्टच्या सेवा लपवून बाकीच्या बंद कराव्यात. तक्रार गेली तर त्यांतल्या अर्ध्या सुरू कराव्यात, पुन्हा पाहावे, उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग करावेत. दोषी सेवा एकच असेल, तर चाळीस सेवांतून ती जास्तीत जास्त सहा फेऱ्यांत हाती लागते. हे काम कंटाळवाणे आहे, पण अंदाजाने एकेक प्रोग्रॅम काढत बसण्यापेक्षा वेळ कमी घेते.

या फेऱ्यांत अनेकदा जुना अँटिव्हायरस सापडतो. त्याची मुदत संपलेली असते, पण त्याचा फिल्टर ड्रायव्हर फाइल उघडण्याच्या प्रत्येक क्रियेत मध्ये उभा असतो. नुसते अनइन्स्टॉल पुरत नाही. त्या त्या कंपनीचे स्वतंत्र काढणी-साधन वापरून रीस्टार्ट करावे. दोन अँटिव्हायरस एकत्र तर कधीच ठेवू नयेत.

ड्रायव्हरच्या बाबतीत डिव्हाइस मॅनेजरमधल्या पिवळ्या त्रिकोणामागचा कोड वाचायची सवय हवी. २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही, १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकले नाही, ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल सही तपासता आली नाही. तिन्हींवर एकच ड्रायव्हर-पॅक चालवणे हा उपाय नव्हे. त्या पॅकमुळेच नव्या गुंतागुंती होतात. ब्राइटनेस हलत नसेल आणि डिस्प्ले ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक’ दाखवत असेल, तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचा त्या मॉडेलचा ड्रायव्हर आधी शोधावा, चिप बनवणाऱ्या कंपनीचा नंतर. विंडोज सिक्युरिटीतले कोअर आयसोलेशनचे पान मेमरी इंटिग्रिटीशी न जुळणाऱ्या ड्रायव्हरची नावे स्वतःच दाखवते. तो ड्रायव्हर जुन्या डोंगलचा निघाला, तर नवा मागवावा. ते संरक्षण कायमचे बंद करून ठेवू नये.

अंबरनाथ आणि बदलापूरच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांनी सीरियल केबलचे एक प्रकरण नीट समजून घ्यावे. यूएसबीवरून सीरियल पोर्ट देणाऱ्या अनेक स्वस्त केबलमध्ये प्रॉलिफिकची पीएल२३०३ चिप असते. तिच्या जुन्या एचएक्सए प्रकाराला नवा ड्रायव्हर मुद्दाम नाकारतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये उपकरणाच्या नावाच्या जागीच ती चिप २०१२ पासून बाद झाल्याची सूचना दिसते. केबल सुस्थितीत असते, पोर्टही ठीक असतो, पण वजनकाट्याचा आकडा संगणकात येत नाही. अशा वेळी विंडोज पुन्हा टाकून काही साधत नाही. जुना ड्रायव्हर निवडून बसवला तर काम तात्पुरते चालते, पण विंडोज अपडेट तो पुन्हा बदलू शकते. नवी चिप असलेली केबल घेणे हाच टिकाऊ मार्ग. नव्या केबलला कॉम पोर्टचा क्रमांक वेगळा मिळतो, तो जुन्या प्रोग्रॅमला अपेक्षित क्रमांकावर आणून द्यावा.

६४-बिट विंडोजमध्ये १६-बिट प्रोग्रॅम चालत नाहीत. डॉसमधला फॉक्सप्रोचा हिशेब अजून वापरात असेल, तर तो डॉसबॉक्ससारख्या एम्युलेटरमध्ये चालतो का, याची चाचणी डेटाच्या प्रतीवर आणि प्रत्यक्ष डॉट मॅट्रिक्सवर प्रिंट काढून घ्यावी. स्क्रीनवर चालले म्हणजे झाले, असे मानू नये. व्यापाऱ्याला चलन कागदावर लागते.

मराठी डीटीपीचे प्रश्न याहून नाजूक आहेत. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोड नसतो. फॉन्ट गेला की मराठी अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात, मजकूर मात्र शाबूत असतो. घाबरून फाइल ‘दुरुस्त’ करण्याआधी फॉन्ट परत बसवावा. इथे एक आडवळण आहे. २०१८ मधल्या विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून फॉन्ट फक्त एका वापरकर्त्यापुरता बसू शकतो आणि पेजमेकरसारख्या जुन्या प्रोग्रॅमना तो दिसत नाही. उजव्या क्लिकवर ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ हा पर्याय घेतला की तो यादीत येतो. टंकलेखनाचे जुने इंजिन आणि विंडोजचा मराठी कीबोर्ड एकाच वेळी चालू असतील, तर एक कळ दोघेही पकडतात आणि भलतेच अक्षर उमटते. जुन्या फॉन्टमध्ये टंकताना विंडोजचा कीबोर्ड इंग्रजीवर ठेवावा.

सेवा केंद्रांतल्या अंगठ्याच्या यंत्रांची आरडी (रजिस्टर्ड डिव्हाइस) सेवा ११,१०० ते ११,१२० या पोर्टवर ऐकत असते. जुन्या आणि नव्या यंत्राच्या दोन सेवा शिल्लक राहिल्या, तर संकेतस्थळ चुकीच्या सेवेशी बोलू लागते. न लागणारी सेवा आणि तिचा ड्रायव्हर काढून दुसरी पुन्हा बसवावी. डिजिटल सहीच्या टोकनलाही हाच नियम लागू: दोन कंपन्यांची टोकन-सॉफ्टवेअर सांभाळून ठेवण्यात काही फायदा नाही.

दुकानातल्या नेटवर्कची तक्रार बहुधा अशी येते: लॅपटॉपवर विंडोज ११ आली आणि कोपऱ्यातल्या विंडोज ७ च्या संगणकावरचे शेअर फोल्डर दिसेनासे झाले. २४एच२ च्या प्रो आवृत्तीत फोल्डर शेअर करणाऱ्या एसएमबी प्रणालीची सही सक्तीची आहे आणि पासवर्डविना गेस्ट प्रवेश बंद आहे. इंटरनेटवरचे व्हिडिओ ही दोन्ही संरक्षणे काढायला शिकवतात, तो सल्ला घेऊ नये. जुन्या संगणकावर पासवर्डसह वापरकर्ता तयार करून त्याच नावाने जोडणी केली की काम होते आणि दुकानाचा हिशेब कोणालाही उघडा राहत नाही. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजीच संपला आहे, तेव्हा त्या संगणकाचा इंटरनेट बंद करणे योग्य.

एवढे करूनही कामाचा एखादा प्रोग्रॅम चालत नसेल, तर मागे फिरणे हा सन्माननीय निर्णय आहे. अपग्रेडनंतर १० दिवस सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून आधीच्या विंडोजवर परत जाता येते. डिझम आज्ञेने ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, मात्र ती मूळ मुदत संपण्याआधी. म्हणून जागा मोकळी करण्यासाठी विंडोज-ओल्ड फोल्डर लगेच उडवू नये.

नव्याने विंडोज टाकावीच लागली, तर २४एच२ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करताच पात्र लॅपटॉपची डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते आणि तिची रिकव्हरी की त्याच खात्यात जाते. सोयीसाठी दुकानाचे खाते वापरले तर ग्राहकाच्या डेटाची चावी दुकानात राहते. पुढे मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये फेरफार झाला की ग्राहक निळ्या पडद्यासमोर अडकतो. खाते ग्राहकाचेच असावे, आणि ४८ अंकी की कागदावर छापून बिलाबरोबर त्याच्या हाती द्यावी.