मस्टरवर नाव कुणाचं?

दोस्तांनो, निवडणूक म्हटलं की आपल्याला वॉर्ड आठवतो, बूथ आठवतो, बोटाची शाई आठवते. कारखान्याच्या गेटाआड कधी लागलीय शाई? तुमच्या आजोबाने गिरणीत हाडं झिजवली. त्याच्या वतीने मालकाशी कोण बोलणार, हे त्याला कुणी चिठ्ठी देऊन विचारलं? नाही विचारलं. कारण कायदाच तसा होता.

१९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. एका भागात एका धंद्याला एकच प्रातिनिधिक युनियन. २५ टक्के सभासद दाखवा आणि शंभर टक्क्यांच्या नावाने सही ठोका. सभासद मोजायचे वर्गणीच्या वहीवरून. मतपेटी नाहीच. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांमागे बाहेर पडले. हा कायदा रद्द करा, ही त्यांची एक मागणी. गिरण्या ओस पडल्या, तरी कागदावर प्रतिनिधी राष्ट्रीय मिल मजदूर संघच! माणसं रस्त्यावर आणि प्रतिनिधित्व कपाटात. तो संप कधी रीतसर मागेही घेतला गेला नाही. गिरण्यांच्या जागी टॉवर उगवले.

१९७१ ला महाराष्ट्राने युनियनच्या मान्यतेचा आणि अनुचित कामगार प्रथांचा कायदा केला. मान्यतेला ३० टक्के सभासद, सहा महिन्यांचे. मतपेटी इथेही नाही. पण या कायद्याने मालकाच्या हरामखोरीची यादी तरी केली. युनियन करतो म्हणून माणूस काढणं, मालकाने स्वतःची खिशातली युनियन पोसणं, परमनंट करायला लागू नये म्हणून वर्षानुवर्षं बदली नि टेम्पररी ठेवणं. यादी वाचा. आपल्या वस्तीतल्या निम्म्या घरांची कहाणी आहे ती.

मालक काय झोपलेत? त्यांनी मधे कंत्राटदार उभा केला. मग २००१ मध्ये कल्याणी स्टील्स आणि सिप्लाच्या खटल्यांत सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की मालक-कामगार हे नातंच वादात असेल तर या कायद्याखाली तक्रार चालायची नाही. आधी दुसरीकडे जाऊन तू कुणाचा कामगार ते सिद्ध कर. म्हणजे अंगाला घाण लागलीय ती खरी, पण माणूस खरा की खोटा ते कोर्ट ठरवणार!

आता विचारा, कंत्राटात कोण? मुंबईचा कचरा उचलणारे हात बहुतेक कुणाचे, हे सांगायला आकडेवारी लागत नाही. पूर्वी गिरणीत विणकाम खात्याला जास्त पगार. तिथे आपल्याला मज्जाव. का, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि आपला उष्टा धागा सवर्णाच्या तोंडात जाईल. जात तेव्हा धोट्यात होती. आता ती कंत्राटाच्या कलमात बसलीय.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. मस्टरवरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असेल ती युनियन मालकाशी बोलणार. तेवढा कुणालाच नसेल तर २० टक्क्यांवरच्यांची समिती. ऐकायला झकास. पण मस्टर कुणाचं? कंत्राटदाराचं मस्टर वेगळं, कंपनीचं वेगळं. पाठिंबा मोजायचा कसा, तेही सरकारच्या नियमांवर सोडलेलं. आणि संप? चौदा दिवसांची नोटीस, सगळ्या धंद्यांना. निम्म्या कामगारांनी ठरवून एकदम रजा घेतली तरी तो संपच. चौदा दिवसांत मालक काय भजन करील? माल हलवील, गुंड आणील, पुढारी फोडील.

हा डाव जुना आहे. १९३८ ला मुंबईच्या विधिमंडळात संपाला बेड्या घालणारं बिल आलं, तेव्हा बाबासाहेबांनी ठणकावलं, की संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याचंच दुसरं नाव. ७ नोव्हेंबर १९३८ चा संप स्वतंत्र मजूर पक्षाने आणि कम्युनिस्टांनी मिळून केला. विणकाम खात्यावरून त्यांच्याशी भांडण असताना केला. पुढे मजूर खातं हाती आल्यावर १९४३ मध्ये बाबासाहेबांनी युनियनला मान्यता देणं मालकावर सक्तीचं करणारं बिल आणलं. १९४७ ला तशी दुरुस्ती पास झाली. पण अंमलात कधी आणलीच नाही. कागदावर हक्क, हातात भोपळा!

आणि आपण? पुतळ्याला हार घालायला हजार पोरं, गेटसभेला सात. त्या सातांकडेच बघा. कचरा वाहतूक श्रमिक संघाने महापालिकेशी वर्षानुवर्षं झुंज दिली. पालिका म्हणायची, हे आमचे नव्हेतच. २०१४ ला न्यायाधिकरणाने २७०० सफाई कामगारांना परमनंट करा म्हणून सांगितलं आणि एप्रिल २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टातही कामगार जिंकले. भीक मागून नव्हे, युनियन करून.

म्हणून मागणी सरळ आहे. युनियन ठरवायला गुप्त मतदान. गेटाच्या आत घाम गाळणाऱ्या प्रत्येकाला मत, पगाराच्या चिठ्ठीवर नाव कुठल्याही कंत्राटदाराचं असो. आणि मतदानाच्या तोंडावर कामगाराला काढणाऱ्या मालकाला नुसता दंड नको, काढलेला माणूस दुसऱ्या दिवशी परत कामावर पाहिजे.

गेटपास जपून ठेवा. पगाराची चिठ्ठी फाडू नका. उद्या तोच तुमचा सातबारा आहे. बाबासाहेबांनी बूथवरचं मत दिलं. गेटाआडचं मत आपल्यालाच हिसकून घ्यायचंय. येताय ना गेटसभेला?

जय भीम!