समजून घ्या : गाजलेल्या सिनेमाचा सिक्वेल काढण्याचा हक्क कोणाचा?

महेश मांजरेकर यांचा ‘पुन्हा शिवाजीराजे भोसले’ ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी प्रदर्शित झाला. पण त्याआधी वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. २००९च्या ‘मी शिवाजीराजे भोसले बोलतोय!’चे हक्क आपल्याकडे असल्याचा दावा करत एव्हरेस्ट एंटरटेन्मेंटने स्थगिती मागितली होती. न्यायालयाने ती दिली नाही.

जुना सिनेमा मांजरेकरांनीच लिहिला होता, मग अडचण काय?
कॉपीराइट कायदा, १९५७नुसार सिनेमाचा कर्ता म्हणजे निर्माता. कथेचे हक्क मुळात लेखकाचे. पण तो ते करार करून निर्मात्याला देऊ शकतो. हा करार लेखी लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल, तर ती ५ वर्षांची धरली जाते. म्हणून सिक्वेलची बोलणी जुन्या करारातल्या शब्दांवर अडतात.

मग विषयही निर्मात्याचाच?
नाही. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्ये स्पष्ट केलं. केवळ शीर्षकावरही तो नसतो, असा निकाल २०१५मध्ये आला. ‘पुन्हा शिवाजीराजे भोसले’चा विषय शेतकरी आत्महत्या. त्यासाठी केंद्राने २००६मध्ये जाहीर केलेल्या पॅकेजमधल्या विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत वर्धाही होता. उद्या आर्वी किंवा देवळीतल्या तरुणाने याच विषयावर सिनेमा काढला, तर त्याला कोणाची परवानगी लागणार नाही. दुसऱ्याच्या सिनेमातले प्रसंग आणि संवाद मात्र उचलता येणार नाहीत.

हक्क हातात असले की काम झालं?
तसंही नाही. ‘हेरा फेरी ३’मधून परेश रावल मे २०२५मध्ये बाहेर पडले, तेव्हा अक्षय कुमारच्या कंपनीने त्यांना २५ कोटींची नोटीस पाठवली. पुढच्याच महिन्यात रावल परतल्याचं स्पष्ट झालं. पात्राचे हक्क कोणाकडेही असोत, प्रेक्षकांना बाबूराव आपटे त्याच चेहऱ्यात हवा असतो. निर्मात्याला घासाघीस करावी लागते ती इथे.

नव्या निर्मात्यांनी काय करावं?
सिक्वेल, रिमेक, पात्रं आणि मुदत यांबद्दल पहिल्याच करारात स्पष्ट लिहून घ्यावं. सिनेमा चालेल की नाही हे माहीत नसतं, तेव्हा सही सहज मिळते. तो गाजला की त्याच सहीसाठी वकील गाठावा लागतो.