नाटकगृहाचा धनी कोण?

सन २०२४ च्या ऑगस्ट महिन्याच्या आठव्या तारखेस रात्री कोल्हापूर येथील केशवराव भोसले नाट्यगृहास आग लागली, आणि शंभरांहून अधिक वर्षे गाण्याने व टाळ्यांनी निनादलेली ती वास्तू पाहता पाहता आतून जळून गेली. रंगमंच गेला, छप्पर कोसळले, प्रेक्षागाराची राख झाली. उभ्या राहिल्या त्या बाहेरच्या दगडी भिंती. ज्यांचे नाव त्या नाट्यगृहास दिले आहे त्या केशवरावांचा जन्मदिवस ९ ऑगस्ट हा असल्यामुळे, जयंतीच्या आदल्याच रात्री हा प्रसंग ओढवावा ह्या योगायोगाने कोणाचेही मन विषण्ण झाल्यावाचून राहिले नाही. प्राणहानी झाली नाही, एवढेच काय ते समाधान. रात्रीच नगरजन धावत आले, कलावंतांस अश्रू आवरेनात; आणि पुढे लवकरच सरकारकडून पुनर्बांधणीच्या व द्रव्यसाहाय्याच्या घोषणाही झाल्या. त्या व्हावयास हव्याच होत्या. परंतु ह्या सर्व हळहळीत एक प्रश्न मागे राहून गेला, आणि आग विझून काळ लोटला तरी तो विचारण्याची निकड कमी झालेली नाही. तो प्रश्न असा की, त्या नाट्यगृहाचा धनी कोण होता?

आगीचे कारण शोधून काढणे हे तपासणी करणाऱ्यांचे काम आहे. त्यांच्या कामात आम्ही ढवळाढवळ करू इच्छीत नाही. आमचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. सरकारी दप्तरात धनी म्हणून महानगरपालिकेचे नाव आहे, हे आम्ही जाणतो. परंतु ज्याच्या मालकीची वस्तू असते तो ती वरचेवर पाहतो, तिची डागडुजी करतो, तिचे काय बिघडले ह्याची त्यास दुसऱ्याने सांगण्याआधी वर्दी असते. ह्या कसोटीने पाहता महाराष्ट्रातील किती सार्वजनिक नाट्यगृहांस खरोखरी धनी आहे, हे ज्याने त्याने आपापल्या गावापुरते स्वतःस विचारून पाहावे.

हे नाट्यगृह उभे राहिले तेव्हा त्याचा धनी कोण, हे सांगावे लागत नव्हते. छत्रपती शाहू महाराज १९०२ साली युरोपात गेले होते, तेथील प्रेक्षागृहे व मल्लविद्येची मैदाने त्यांनी पाहिली, आणि परत आल्यावर १९१२ मध्ये खासबागेचे कुस्त्यांचे मैदान व १९१३ ते १९१५ ह्या काळात त्याला लागूनच 'पॅलेस थिएटर' बांधविले. एका भिंतीच्या अलीकडे कुस्ती आणि पलीकडे गाणे, अशी ही जोडी त्यांनी जाणूनबुजून घडविली. ज्या राजाने १९०२ साली मागासलेल्या वर्गांकरिता सरकारी नोकऱ्यांतील पन्नास टक्के जागा राखून ठेविल्या आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, त्याच राजाने नाट्यगृहही बांधिले, ही गोष्ट ध्यानात धरण्याजोगी आहे. शाळा, नोकरी, आखाडा आणि रंगभूमी ही चारही प्रजेच्या उन्नतीची अंगे होत, असा त्यांचा विचार त्यांच्या कृतीवरून स्पष्ट दिसतो. कला म्हणजे सुखवस्तू माणसांचा संध्याकाळचा विसावा, असे मानणाऱ्यांनी ह्या उदाहरणाचा शांतपणे विचार करावा.

तथापि राजाश्रय हा कितीही थोर असला तरी एका आयुष्याइतकाच टिकतो, हा धडा मराठी रंगभूमी फार पूर्वीच शिकली आहे. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे ह्यांनी 'सीतास्वयंवर' रंगविले ते संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन ह्यांच्या प्रेरणेने व आश्रयाने. १८५१ साली चिंतामणराव निवर्तले आणि आश्रय संपला. तेव्हा भाव्यांनी आपली मंडळी घेऊन मुंबईची वाट धरली व १८५३ साली ग्रँट रोडवरील नाटकगृहात तिकिटे लावून खेळ केले. ते नाटकगृह तरी कोणी उभे केले होते? मुंबईच्या शेटसावकारांच्या पुढाकाराने, आणि विशेषेकरून जगन्नाथ शंकरशेट ह्यांच्या साहाय्याने, ते १८४६ मध्ये उभे राहिले होते. म्हणजे दरबाराचा हात सुटताच रंगभूमीस सावरले ते व्यापाऱ्यांच्या उदार बुद्धीने आणि तिकीट काढणाऱ्या सामान्य नगरवासीयांनी. लोकाश्रय म्हणतात तो हाच, आणि मराठी रंगभूमीला तो लाभला ह्याचा आपणांस योग्य अभिमान आहे.

ह्या लोकाश्रयाने काय साधते हेही आपण पाहिले आहे. १९०८ साली 'ललितकलादर्श' मंडळी काढणारे केशवराव भोसले आणि बालगंधर्व ह्यांनी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत 'संगीत मानापमान' नाटकाचा जो संयुक्त प्रयोग केला, त्याचे उत्पन्न टिळक स्वराज्य फंडास द्यावयाचे होते. दोन मंडळ्यांतील स्पर्धा सर्वांस ठाऊक असता त्यांचे नायक देशकार्यासाठी एका रंगमंचावर उभे राहिले आणि लोकांनीही मोठ्या दराची तिकिटे आनंदाने घेतली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केशवराव अकाली निवर्तले. ज्या नगरीने अशा पुरुषाचे नाव आपल्या नाट्यगृहास दिले, त्या नगरीवर त्या नावाबरोबर एक कर्तव्यही आपोआप येऊन पडले होते.

येथेच आमच्या प्रतिपादनाचे मर्म आहे. संस्थाने विलीन झाली, राजवाड्यांतील नाटकगृहे नगरपालिकांकडे आली, नवी नाट्यगृहेही नगरपालिकांनीच बांधली. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली उघडले तेही ह्याच मार्गाने. राजा गेला आणि त्याच्या जागी करदाता नागरिक आला. परंतु त्या नागरिकाने राजाची करमणूक तेवढी घेतली, राजाची जबाबदारी घेतली नाही. तिकीट काढले म्हणजे आपला लोकाश्रय पुरा झाला, असे तो समजतो. तिकिटाने नटांचे पोट भरेल. भिंतीतील जुनाट विजेच्या तारा तिकिटाने बदलत नाहीत. त्या बदलावयास कोणीतरी मागणी करावी लागते, मग ती अंदाजपत्रकात घालावी लागते, आणि पैसा खर्च झाल्यावर काम झाले की नाही हे जाऊन पाहावे लागते. हा सगळा व्याप रुक्ष आहे. त्यात हारतुरे नाहीत, भाषणे नाहीत, आणि कोनशिलेवर नावही कोरले जात नाही. नवीन इमारतीच्या उद्घाटनास मंत्री येतात. पाण्याचा नळ दुरुस्त झाला म्हणून आजवर कोणी फीत कापल्याचे आमच्या ऐकिवात नाही. म्हणूनच आपल्याकडे बांधण्यास पैसा निघतो आणि राखण्यास निघत नाही.

कायदा नाही, अशी सबब कोणी सांगू नये. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा आहे. आगीपासून बचावाची साधने चालू स्थितीत आहेत असे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोन वेळा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करणे हे त्या कायद्याने इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर बंधनकारक केले आहे. सरकारी कागदपत्रे मागण्याचा हक्क नागरिकास २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने मिळालेला आहे. शस्त्रे दोन्ही घरात आहेत. ती उचलणारा हात तेवढा नाही. आमच्या वाचकांपैकी किती जणांनी आपल्या गावच्या नाट्यगृहाचे असे प्रमाणपत्र कधी मागून पाहिले आहे? दुकानाच्या विम्याची मुदत संपण्यापूर्वी आठ दिवस जो व्यापारी विमा कंपनीकडे माणूस पाठवितो, तोच आपल्या मुलाबाळांसह हजारभर माणसांत अंधारात तीन तास बसतो आणि बाहेर पडावयाचे दार उघडे आहे की त्यास कुलूप आहे, हे मागे वळून पाहतही नाही.

हे भय कल्पनेतील नव्हे. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या 'उपहार' चित्रपटगृहात लागलेल्या आगीत एकोणसाठ माणसे गेली. अधिक तिकिटे खपावीत म्हणून सज्जात जादा आसने बसवून बाहेर पडण्याची वाट अडविण्यात आली होती, हे पुढे न्यायालयात सिद्ध झाले. कोल्हापुरास आग लागली तेव्हा नाट्यगृहात प्रयोग चालू असता तर काय झाले असते, ह्याचा विचार करूनच आमचा हात थरथरतो.

आणखी एक गोष्ट. कोल्हापूर महानगरपालिकेतील लोकनियुक्त सभागृहाची मुदत २०२० च्या नोव्हेंबरात संपली, आणि त्यानंतर आग लागली त्या दिवसापर्यंत, म्हणजे पावणेचार वर्षे, तेथे प्रशासकाचा अंमल होता. प्रशासक कर्तबगार असू शकतो; आमचा आक्षेप व्यक्तीवर नाही. परंतु ज्या शहरास आपला नगरसेवकच नाही, त्या शहराने आपल्या नाट्यगृहाविषयी प्रश्न विचारावा तो कोणाच्या तोंडून? निवडणुका लांबल्या म्हणजे फक्त राजकारणी मंडळींचे नुकसान होते, असे समजणाऱ्यांनी ह्या जळलेल्या भिंतींकडे पाहावे.

सुरक्षिततेखालोखाल प्रश्न आहे तो सभ्यतेचा. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' ह्या नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, तेव्हा सुधारक पक्षाने तो आपला विजय मानला, आणि तो होताही. कुलीन स्त्रीने रंगमंचावर पाऊल ठेवावे की नाही, हा वाद आता संपला. पण रंगमंचावर ती उभी राहिली तरी रंगमंचामागे तिची सोय काय? अनेक नाट्यगृहांतील शौचकूपांची व कपडे बदलण्याच्या खोल्यांची दुर्दशा नटनट्यांनी वृत्तपत्रांतून वारंवार चव्हाट्यावर मांडली आहे. स्त्रीला कलेचे दार उघडून द्यावयाचे आणि आत तिला पाणी नसलेले न्हाणीघर दाखवावयाचे, ही अर्धी सुधारणा झाली. प्रेक्षक स्त्रियांची स्थितीही ह्याहून फारशी निराळी नाही.

आमच्यावर दोन आक्षेप येतील, हे आम्ही जाणून आहो. पहिला असा की, शहरात पिण्याचे पाणी धड नाही, रस्ते खड्ड्यांनी भरलेले आहेत, तेथे नाटकाचे कौतुक कशाला? ह्यास उत्तर एवढेच की, नाट्यगृहाची निगा जी नगरपालिका राखीत नाही ती रस्त्याचीही राखीत नाही. दोहोंच्या मुळाशी रोग एकच आहे, आणि तो म्हणजे हिशेब विचारणाऱ्या माणसाचा अभाव. दुसरा आक्षेप असा की, आता प्रत्येकाच्या हातात भ्रमणध्वनी आहे, घरबसल्या सारे दिसते, तेव्हा नाटकगृह हवे कशाला? ज्यांस असे वाटते त्यांनी एखाद्या रविवारी चांगल्या नाटकाचा रंगलेला प्रयोग पाहावा. अनोळखी माणसे एकाच वेळी हसतात, एकाच वेळी स्तब्ध होतात, आणि शेजारी कोणत्या जातीचा किंवा किती पैक्याचा हे कोणी विचारीत नाही. निराळ्या वाटांनी जाणाऱ्या माणसांस असे एकत्र बसविणाऱ्या जागा शहरात आता कितीशा उरल्या आहेत?

तेव्हा आमच्या सूचना अशा. पहिली, प्रत्येक सार्वजनिक नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीशेजारी, नाटकाच्या फलकाइतक्याच ठळक अक्षरांत, अग्निसुरक्षेचे चालू प्रमाणपत्र व पुढील तपासणीचा महिना लावलेला असावा. दुसरी, भाड्यापासून वर्षाचे उत्पन्न किती आले आणि डागडुजीवर किती खर्चिले, ह्याचा एक पानी हिशेब दरवर्षी तेथेच लावावा. तिसरी, नाट्यगृहावर देखरेखीसाठी एक लहान समिती असावी; तीत एक नट, एक नटी, पडद्यामागे काम करणारा एक कामगार, एक अभियंता आणि एक व्यापारी असावा, आणि तिने दर तीन महिन्यांनी सारी इमारत पायाखाली घालून आपला अभिप्राय प्रसिद्ध करावा. चौथी सूचना आम्हां सर्वांस लागू आहे: फुकट प्रवेशिका मागण्याची लाज वाटावयास लागावी. जो फुकट बसतो त्यास खुर्ची मोडकी आहे असे म्हणण्याचा अधिकार उरत नाही, आणि अधिकाऱ्यांस ह्याच कारणाने फुकट प्रवेशिका वाटणे सोयीचे वाटते.

व्यापारी बंधूंस शेवटी दोन शब्द. जगन्नाथ शंकरशेटांची परंपरा तुमची आहे. गणेशोत्सवात कमानीवर नाव झळकावे म्हणून वर्गणी देणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. त्यातलाच एक अंश आपल्या गावच्या नाट्यगृहाच्या देखभालीस, नावाची अपेक्षा न धरता, द्या, आणि देताना हिशेब मागा. दानापेक्षाही तुमचा हिशेबीपणा शहराच्या अधिक उपयोगी पडेल. येत्या जानेवारीत आपापल्या गावच्या नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाकडे जाऊन ते प्रमाणपत्र दाखवा एवढे जरी प्रत्येक गावी चार जणांनी म्हटले, तरी आमच्या ह्या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.