तांबी बसवली, रक्त कोण तपासणार?

स्त्रियांच्या अ‍ॅनिमियाचा विषय निघाला की चर्चा गूळ-शेंगदाणे, पालेभाजी आणि लोखंडी कढईपाशी संपते. बाईच्या पोटात काय जाते याची चौकशी सगळे करतात. पाळीत किती जाते, हे कुणी विचारत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या अ‍ॅनिमियाग्रस्त स्त्रिया २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होत्या, २०१९-२१ मध्ये ५४.२ टक्के झाल्या. यांच्यातल्याच काहींना आपण तांबी बसवतो, तीही कित्येकदा बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत.

तांबीशी माझे भांडण नाही. दहा वर्षे चालते, संप्रेरके नाहीत, अंगावरच्या दुधावर परिणाम नाही, सरकारी दवाखान्यात फुकट. पण तिने पाळीचा रक्तस्राव वाढतो, काहींचा दीडपट होतो. एक मिलिलिटर रक्ताबरोबर साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह जाते. महिन्याला ३० मिलिलिटर रक्त जास्त गेले, तर १५ मिलिग्रॅमची तूट. आणि जेवणातून शरीराला दिवसाला मिळते जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. अ‍ॅनिमिया आहे म्हणून तांबी नाकारा, असे जागतिक आरोग्य संघटनाही म्हणत नाही. मात्र जिचे हिमोग्लोबिन ९ आहे, तिला तांबीबरोबर लोहाच्या गोळ्या आणि फेरतपासणी हवीच.

मिळते काय, तर ‘होईल सवय’ हे उत्तर. पहिले तीन-सहा महिने जास्त जाते, मग बहुतेकींचे कमी होते, हे खरे. पण त्यानंतरही आठ-आठ दिवस जात असेल, गाठी पडत असतील, दर दोन तासांनी पॅड बदलावे लागत असेल, तर तो आजार आहे आणि त्यावर औषधे आहेत. ती न मिळाल्याने बाई दुखणे अंगावर काढते, नाहीतर खासगीत जाऊन तांबी काढते आणि जावेलाही बसवू देत नाही. १९६५ मध्ये आलेल्या ‘लूप’ या तांबीसारख्याच साधनाचे हेच झाले होते. उद्दिष्टे गाठण्याच्या घाईत रक्तस्रावाच्या तक्रारी कुणी ऐकल्या नाहीत आणि दोन-तीन वर्षांतच बायकांनी लूपकडे पाठ फिरवली.

आरोग्य विभागाने तांबीच्या कार्डावर हिमोग्लोबिनचे दोन रकाने सक्तीचे करावेत: बसवण्यापूर्वी आणि तीन महिन्यांनी. बाळंतपणानंतरच्या तांबीसाठी आशाताईंना मोबदला मिळतो, तसा या दुसऱ्या तपासणीसाठीही द्यावा. आणि बाई ‘काढा’ म्हणाली, तर वाद न घालता त्याच दिवशी काढावी.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, सातारा