नदीचा हिशेब माशाच्या यकृतात

भाईंदरच्या पश्चिमेस, धारावी बेटाच्या टोकाशी चौक हे मच्छीमारांचे गाव वसलेले आहे. खाडीपलीकडे समोर वसईचा किल्ला दिसतो. उल्हास नदीचे मुख म्हणून जिचा उल्लेख भूगोलाच्या पुस्तकात असतो, ती वसईची खाडी येथेच समुद्राला मिळते. चौकचे कोळी बांधव समुद्रावर जाणारे. मरळ, वाम, शिंगटी किंवा रोहू या गोड्या पाण्यातील माशांशी त्यांच्या धंद्याचा थेट संबंध नाही. तथापि राजमाचीच्या डोंगरात उगम पावलेल्या या नदीने कर्जत, बदलापूर, उल्हासनगर, कल्याण अशा वाटेत जे जे पोटात घेतले, ते अखेर त्यांच्या दारावरूनच वाहत जाते. शिवाय मीरा-भाईंदरच्या पिण्याच्या पाण्याचा एक मोठा वाटा याच नदीवरील शहाड-टेमघर योजनेतून येतो. म्हणजे नदीचे मुख आपल्या दाराशी आणि नदीचे पाणी आपल्या नळाला, अशी ही स्थिती आहे. तेव्हा बदलापूरच्या डोहातील माशाची प्रकृती कशी आहे, हा प्रश्न केवळ प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याचा राहत नाही.

नदीतील मासे आपल्या चर्चेत येतात ते मेल्यावर. पृष्ठभागावर पांढऱ्या पोटांचा थर तरंगू लागला की वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात, अधिकारी पाण्याचे नमुने घेतात आणि आठवडाभरात सारे शांत होते. वास्तविक मरण ही या व्याधीची शेवटची पायरी होय. तिच्या कितीतरी आधी माशाचे कल्ले, यकृत आणि मूत्रपिंड हे अवयव बिघडू लागलेले असतात. मासा पोहत असतो, खात असतो, जाळ्यात सापडतो आणि बाजारात विकलाही जातो. परंतु आतून तो रोगी असतो. आपला कायदा आणि आपला बाजार हे दोघेही या मधल्या अवस्थेकडे पाहत नाहीत. कायदा विचारतो, मासा जिवंत आहे ना? बाजार विचारतो, वजन किती भरले? या दोन प्रश्नांच्या मध्ये जी हानी दडून राहते, तिची किंमत कोणीतरी मोजतच असते.

ही हानी कशी होते ते थोडक्यात पाहिले पाहिजे. गोड्या पाण्यातील माशाच्या अंगातील क्षार बाहेरच्या पाण्यापेक्षा अधिक असतात. त्यामुळे पाणी कल्ल्यांच्या नाजूक पडद्यातून सतत आत शिरते आणि ते बाहेर टाकण्यासाठी मूत्रपिंडाला अहोरात्र राबावे लागते. माशाच्या शरीरात तयार होणारा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटेच बाहेर पडतो. आता नदीत न शुद्ध केलेले सांडपाणी मिसळले म्हणजे बाहेरच्या पाण्यातच अमोनिया वाढतो आणि आतला अमोनिया बाहेर पडण्याची वाट अडते. कल्ल्यांच्या पेशी सुजतात, त्यांचे पडदे जाड होतात आणि प्राणवायू घेण्याची शक्ती घटते. पाणी जितके ऊन आणि जितके अल्कधर्मी, तितका अमोनियाचा विषारी अंश अधिक. उन्हाळ्यात प्रवाह आटतो, त्यावर जलपर्णीची चादर पसरते, तिच्याखाली सूर्यप्रकाश पोहोचत नाही आणि विरघळलेला प्राणवायू उतरत जातो. ही सारी संकटे एकाच ऋतूत एकत्र येतात. माशाला नदी सोडून जाता येत नाही.

यकृताची कथा याहून गुंतागुंतीची आहे, कारण तेथे पर्यावरण आणि आहार यांची गाठ पडते. पाण्यातून आलेले विष असो वा अन्नातून आलेले, त्याचा निचरा करण्याचे काम यकृताकडेच असते. शिसे आणि कॅडमियम यांसारखे जड धातू यकृतात व मूत्रपिंडात साठतात. पाऱ्याचा सेंद्रिय प्रकार मात्र थेट मांसात जाऊन बसतो. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली जी भयानक व्याधी उघडकीस आली, तिचे मूळ असे पारायुक्त मासे खाण्यातच होते. विष नसले तरी आहाराचा तोल बिघडताच यकृत बिघडते. अतिरिक्त पिष्टमय वा चरबीयुक्त खाद्य दिल्यास त्यात मेद साचतो. खवट झालेले तेल दिल्यास पेशींचा नाश होतो. उपासमार झाली तर ते आकसते.

आपल्याकडील मत्स्यशेतीत रोहू-कटल्यासाठी शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा यांचे मिश्रण हे पिढीजात खाद्य आहे. ते स्वस्त आहे आणि चांगलेही आहे. परंतु पावसाळी हवेत गोदामात पडून राहिलेल्या पेंडीवर बुरशी येते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, ते अशाच बुरशी आलेल्या शेंगपेंडीमुळे. त्याच सुमारास अमेरिकेतील मत्स्यबीज केंद्रांत ट्राउट माशांना यकृताच्या कर्करोगाने ग्रासले आणि शोधाअंती दोष सरकीच्या पेंडीतील याच विषाचा निघाला. रोहू आणि कटला हे ट्राउटइतके नाजूक नाहीत, हे खरे. तथापि हे विष रोहूची रोगप्रतिकारशक्ती खच्ची करते, असे भारतीय शास्त्रज्ञांच्या प्रयोगांतही दिसून आले आहे. हा केवळ पशुपक्ष्यांचा प्रश्न आहे, असे मानणाऱ्यांनी १९७४ साल आठवावे. त्या वर्षी राजस्थान व गुजरातच्या आदिवासी भागांत बुरशी आलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे यकृताच्या विकाराने दगावली. विष तेच होते आणि त्याने गाठलेला अवयवही तोच होता.

आहार आणि पर्यावरण ही दोन वेगळी खाती नाहीत, हे दाखवणारे उदाहरण मुंबईतच आहे. वाळकेश्वरच्या बाणगंगा तलावात सर्वपित्री अमावास्येनंतर मेलेल्या माशांचा खच पडल्याचे अनेक वर्षी दिसले आहे. श्रद्धेने सोडलेले पिंड आणि इतर अन्न माशांच्या मुखी पडावे ही भावना असते. परंतु उरलेले अन्न तळाशी कुजते, त्या कुजण्यात पाण्यातील प्राणवायू खर्च होतो आणि ज्यांना घास द्यायचा तेच गुदमरतात. दुसरे उदाहरण थाई मागूर या नावाने विकल्या जाणाऱ्या आफ्रिकन माशाचे. केंद्र सरकारने २००० साली त्याच्या संवर्धनावर बंदी घातली. पुढे राष्ट्रीय हरित लवादालाही त्यात लक्ष घालावे लागले. तरीही चोरून होणारी त्याची पैदास थांबलेली नाही. कोंबड्यांच्या व कत्तलखान्यांच्या टाकाऊ अवशेषांवर, गढूळ आणि कुजट डबक्यात हा मासा झपाट्याने वाढतो. हवेतून श्वास घेण्याची सोय असल्याने तो मरत नाही. मरत नाही म्हणून तो निरोगी, असे समजून आपण तो विकत घेतो.

नदीतील माशाला तर कोणी खाद्य घालत नाही. नदी जे देईल ते त्याचे अन्न. शेवाळ, किडे, अळ्या, तळाचा गाळ यांतून तो पोट भरतो आणि त्या गाळातच कारखान्यांच्या व शहरांच्या कारभाराची नोंद साचत असते. पहिल्या पावसात ठाणे-रायगडच्या खेड्यांत वळगणीचे मासे धरण्याची धांदल उडते. अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध चढणारे हे मासे त्या क्षणी पुढच्या पिढीचे भांडवल घेऊन निघालेले असतात. अंड्यातील बलकाचे प्रथिन मादीच्या यकृतात तयार होते. यकृत दुबळे असेल तर अंडीही दुबळी. इंग्लंडमधील नद्यांत १९९० च्या दशकात असे आढळले की, सांडपाण्यातील स्त्रीसंप्रेरकांसारख्या द्रव्यांमुळे नर माशांचे यकृतही हे प्रथिन बनवू लागले होते. त्या नद्यांत मासे मरून पडत नव्हते. वरून पाहणाऱ्याला नद्या ठीकठाकच दिसत होत्या.

उल्हास खोऱ्याचा इतिहास यापेक्षा उघडावाघडा आहे. फाळणीनंतर निर्वासितांची छावणी म्हणून उभे राहिलेले उल्हासनगर, अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहती, कल्याणचा झपाट्याने झालेला विस्तार या सर्वांनी नदीकडून पाणी घेतले आणि सांडपाणी परत केले. २०१४ च्या अखेरीस उल्हासनगरात वालधुनी नदीत टँकरमधून रसायने ओतली गेली आणि शेकडो नागरिकांना श्वासाच्या त्रासाने रुग्णालय गाठावे लागले. 'वनशक्ती' संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली उल्हास व वालधुनी यांच्या प्रदूषणाबद्दल सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांना कोट्यवधी रुपये भरण्याचा आदेश दिला. कायद्याची उणीव होती म्हणून हे घडले, असे म्हणता येणार नाही. महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्ध १९६९ सालीच कायदा केला, १९७० साली प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले आणि केंद्राचा कायदा १९७४ साली आला.

मग उणीव कशाची? ती मोजमापाची आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात मत्स्यजीवनास योग्य असे पाणी 'ड' वर्गात येते. त्याचे निकष तीनच: विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम, मुक्त अमोनिया नायट्रोजनच्या हिशेबाने लिटरमागे फार तर १.२ मिलिग्रॅम आणि आम्लता-अल्कता दर्शक अंक ६.५ ते ८.५. यांत जड धातू नाहीत, कीटकनाशके नाहीत आणि खुद्द मासाही नाही. कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी असलेल्या सर्वसाधारण मानकांत मासा आहे, पण कसा? त्या सांडपाण्यात ९६ तास ठेवलेल्या माशांपैकी ९० टक्के जगले पाहिजेत! म्हणजे चार दिवस तग धरला की मासा उत्तीर्ण. पाचव्या महिन्यात त्याच्या यकृताचे काय झाले, हे विचारण्याची तरतूद या कसोटीत नाही. विद्यार्थ्याला केवळ हजेरीवर पदवी देण्यासारखाच हा प्रकार म्हटला पाहिजे.

अर्थशास्त्राच्या भाषेत याला बाह्य खर्च म्हणतात. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली 'कल्याणाचे अर्थशास्त्र' मांडताना दाखवून दिले की, उत्पादकाचा खासगी खर्च आणि समाजाला पडणारा खर्च यांत जेव्हा तफावत पडते, तेव्हा बाजारातील किंमत खोटे बोलू लागते. सांडपाणी शुद्ध न करता सोडणाऱ्या कारखान्याचा किंवा नगरपालिकेचा खर्च वाचतो, तो नाहीसा होत नाही. तो आधी माशाच्या यकृतावर चढतो. नंतर नदीकाठच्या कातकऱ्याच्या आणि भोयाच्या टोपलीत कमी मासे पडतात, तेव्हा तो त्यांच्यावर चढतो. पुढे पाणी शुद्ध करण्याच्या वाढत्या खर्चाच्या रूपाने नळधारकावर येतो आणि खाडीच्या मुखाशी चौक-उत्तनच्या मच्छीमारावर. या साखळीत ज्याने खर्च निर्माण केला त्याचे नाव कोठेच दिसत नाही. सरकारी योजनाही वजनाच्याच भाषेत बोलतात. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेने २०२४-२५ पर्यंत देशाचे मत्स्योत्पादन २२० लाख टनांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. उत्पादन वाढावे याबद्दल दुमत नाही. परंतु टन हे एकमेव माप ठरले की मेद साचलेल्या यकृताचा मासाही प्रगतीच्याच खात्यात जमा होतो.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, अशा लिखाणाने लोक मासे खाणे सोडतील आणि गरीब मच्छीमाराचे नुकसान होईल. उलटपक्षी, तपासणीचा अभाव हाच मच्छीमाराचा खरा शत्रू आहे. एखादी अफवा उठली की चांगला आणि वाईट असा दोन्ही माल पडून राहतो. विश्वसनीय नोंद असेल तरच चांगल्या मालाला संरक्षण मिळते. दुसरा आक्षेप खर्चाचा. तो तर टिकणाराच नाही. माशाचे यकृत त्याच्या देहभाराच्या किती टक्के आहे, हे पाहण्यास एक सुरी आणि एक अचूक तराजू पुरतो. कल्ल्यांचा रंग, यकृतावरील डाग, मूत्रपिंडाची सूज यांची नोंद प्रशिक्षित विद्यार्थी करू शकतो. सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी आणि धातूंचे मापन यांस प्रयोगशाळा लागते. पण ते निवडक नमुन्यांपुरतेच करावे लागेल.

कर्जतपासून कल्याणपर्यंत काही ठिकाणे निश्चित करावीत. तेथे दर ऋतूत त्याच त्या जातींचे, सारख्या आकाराचे मासे घेऊन त्यांच्या अवयवांची तपासणी व्हावी. कर्जतच्या वरच्या अंगाचा स्वच्छ प्रवाह हा तुलनेचा आधार धरता येईल. हे काम खोऱ्यातील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांकडे सोपवावे, त्याचा खर्च प्रदूषणाबद्दल वसूल होणाऱ्या रकमेतून भागवावा आणि निष्कर्ष ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत फलकांवर लावावेत. मत्स्यशेतीसाठी विकल्या जाणाऱ्या पेंडीवर, ती बुरशीच्या विषापासून मुक्त असल्याची हमी बंधनकारक करावी. आणि सांडपाण्याच्या कसोटीत ९६ तासांच्या जगण्यापलीकडे जाऊन अवयवांवरील दीर्घकालीन परिणामांचा समावेश करावा. यांपैकी एकही सूचना क्रांतिकारक नाही. मंडळाच्या कागदावर नदीची स्थिती सुधारल्याचे आकडे येतात, तेव्हा त्यांची उलटतपासणी करणारा एक स्वतंत्र साक्षीदार असावा, एवढाच त्यांचा हेतू आहे.

पाण्याचा नमुना त्या क्षणापुरते बोलतो. रात्री सोडलेले रसायन सकाळी नमुना घेण्यापूर्वी वाहून गेलेले असते. मासा मात्र रात्रीही नदीतच असतो आणि त्या रात्रीची नोंद त्याच्या यकृतात राहते. ही नोंद वाचण्याचे शास्त्र आपल्या महाविद्यालयांत शिकवले जाते, त्यावर परीक्षा घेतल्या जातात आणि पदव्याही दिल्या जातात. ते नदीकाठी नेण्याचा निर्णय तेवढा राहिला आहे. आणि तो घेण्यासाठी आणखी एकदा मासे मरण्याची वाट पाहण्याचे काही कारण नाही.