विश्लेषण : समुद्रातील दरीला नाव क्विनॉल्टांचे, पण मासेमारीच्या हक्काचे काय?

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यासमोर, प्रशांत महासागराच्या तळाशी एक खोल दरी आहे. किनाऱ्यावरील क्विनॉल्ट या मूलनिवासी लोकांचे नाव तिला मिळाले आहे. या दरीतून वर येणाऱ्या पाण्यावर त्यांची मासळी पोसते. मात्र, तेच पाणी आता चिंतेचे कारण ठरत आहे.

दरीचे महत्त्व काय?
किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या कडेला ही दरी चिरत जाते. तिचा काही भाग १९९४ मध्ये घोषित झालेल्या ‘ऑलिंपिक कोस्ट’ सागरी अभयारण्यात येतो. उन्हाळ्यात उत्तरेकडून वाहणारे वारे पृष्ठभागावरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात आणि त्याच्या जागी खालचे थंड, पोषक पाणी वर येते. खोल पाण्याला वर येण्यासाठी दरी ही आयती वाट असते. त्यावर प्लवक वाढतात आणि प्लवकांवर मासळी.

मग अडचण कुठे?
खोल पाण्यात प्राणवायू मुळातच कमी असतो. त्यात मेलेले प्लवक तळाशी जाऊन कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपतो. मासे पोहून निघून जाऊ शकतात. तळावरचे खेकडे मात्र गुदमरतात. २००६ मध्ये क्विनॉल्टांच्या किनाऱ्यावर मेलेले मासे आणि खेकडे वाहून आले होते. तापमानवाढीमुळे समुद्रातील प्राणवायू आणखी घटत असल्याने हा धोका वाढतो आहे.

हक्क कोणते?
१८५५-५६ च्या ऑलिंपिया करारानुसार क्विनॉल्ट आणि शेजारच्या जमातींनी विस्तीर्ण भूमी सोडली. परंपरागत ठिकाणी मासेमारीचा हक्क राखून ठेवला. तो दीर्घकाळ डावलला गेला. अखेर १९७४ मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी, करार केलेल्या जमातींना पकडण्यायोग्य माशांपैकी निम्म्यापर्यंत वाटा मिळेल, असा निकाल दिला. १९९४ मध्ये हेच तत्त्व खेकडे व शिंपल्यांनाही लागू झाले.

पेच काय?
हा हक्क ठरावीक क्षेत्रापुरता आहे. तिथला प्राणवायू घटला, तर इतर मच्छीमार नौका किनाऱ्यालगत दुसरीकडे नेऊ शकतात. क्विनॉल्टांना कराराची हद्द ओलांडता येत नाही. कागदावर निम्मा वाटा कायम राहिला, तरी वाटून घ्यायला मासळीच उरली नाही तर त्या वाट्याला अर्थ राहत नाही.

पुढे काय?
मासळीचे व्यवस्थापन जमाती आणि राज्य मिळून करतात. २००७ मध्ये या किनाऱ्यावरील चार जमाती आणि राज्य सरकार यांनी अभयारण्याबाबत संयुक्त परिषदही स्थापन केली. प्राणवायूची सतत मोजणी झाली, तर खेकड्यांचा हंगाम कधी सुरू करायचा, कधी थांबवायचा हे वेळीच ठरवता येईल. मात्र समुद्र तापण्याचे मूळ कारण, म्हणजे जगभरातील कर्बउत्सर्जन, जमातीच्या हातात नाही. वाढती समुद्रपातळी आणि त्सुनामीच्या धोक्यामुळे क्विनॉल्टांचे टहोला गाव उंचावर हलवले जात असून, २०२२ मध्ये त्यासाठी अडीच कोटी डॉलरची केंद्रीय मदत जाहीर झाली. गाव असे हलवता येते. करारात बांधलेले मासेमारीचे क्षेत्र हलवण्याची तरतूद मात्र नाही.